डोंगरात इंग्रजीतून वाट कशी विचारायची?

परतवाड्याजवळच्या एका गावातल्या मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. शिक्षण मराठी माध्यमातून. मित्रांसोबत गाविलगड, नरनाळा फिरून झालेत. येत्या मे महिन्यात हिमाचलात ट्रेकला जायचंय आणि गटात परदेशी लोकही असणार. तो लिहितो, ‘“धिस रोड इज गोइंग व्हेअर?” असं विचारलं तर समोरच्याला समजतं, पण ते बरोबर नाही हे मला जाणवतं. सहज वाटेल असं इंग्रजी कसं असतं? आणि चिखलदऱ्यात कोणी पाहुणा मलाच वाट विचारू लागला तर काय सांगू?’

मी चिखलदऱ्याला पाहुण्यांना पायी फिरवते आणि इथल्या गाइड पोरांना लागेल तेवढं इंग्रजी शिकवते. तेव्हा व्याकरण कामापुरतंच सांगते. ‘सहज इंग्रजी’ म्हटलं की पोरं लांबलचक, नम्र वाक्यं पाठ करायला लागतात. वाटेवर त्यापेक्षा जास्त काम करतो तो प्रश्नाचा आकार. ज्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळं होता येतं तो प्रश्न डोंगरात विचारू नये, मग इंग्रजी कितीही शुद्ध असो.

हे मी बघितलेलं आहे. थंडीचे दिवस, दोघं परदेशी नवरा-बायको एका फाट्यावर उभे होते. समोर एक म्हातारबा, काठी दोन्ही खांद्यांवर आडवी टाकून त्यावर हात लोंबकळत सोडलेले, मागं चार-पाच बकऱ्या. बाईने अगदी पुस्तकात असतं तसं विचारलं, ‘एक्सक्यूज मी, इज धिस द वे टु भीमकुंड?’ म्हाताऱ्याच्या कानाला त्यातलं एकच लागलं, भीमकुंड. तो खूश होऊन म्हणाला, ‘होव होव, यस, भीमकुंड!’ दोघं समोरच्या वाटेनं निघाले. ती वाट कोणाच्या तरी वावरात जात होती. मी हाक मारून थांबवलं आणि म्हटलं, आता दोन्ही वाटांकडे बोट दाखवून फक्त ‘भीमकुंड, व्हिच वन?’ एवढंच विचारा. म्हाताऱ्याने खांद्यावरची काठी काढली आणि डावीकडच्या वाटेवर रोखली. खोटं तो आधीही बोलला नव्हता. प्रश्नच असा होता की त्याला ‘हो’शिवाय दुसरं काही म्हणायला जागा नव्हती.

‘इज धिस द वे टु…?’ हे वाक्य चुकीचं नाही. वाट एकच असेल आणि तुला फक्त खात्री करायची असेल तर तेच विचारायचं. पण फाटा असेल तर ‘व्हिच ऑफ दीज गोज टु द फोर्ट?’ म्हणायचं. कुठं आलोय याचाच पत्ता नसेल तर ‘व्हेअर डझ धिस पाथ गो?’ म्हणायचं आणि आपल्याला कुठं जायचंय ते आधी सांगायचं नाही. समोरच्याला वाट माहीत असेल तर तो ठिकाणाचं नाव घेईल. माहीत नसेल तर तेही लगेच कळतं. तू लिहिलेलं ‘धिस रोड इज गोइंग व्हेअर’ म्हणजे याच प्रश्नाची मोडतोड आहे. मराठीत ‘जातोय’ म्हणतो म्हणून ‘इज गोइंग’ येतं. वाट कायमचीच तिकडं जाते, आज जातेय आणि उद्या थांबणार असं नाही, म्हणून ‘डझ गो’. एवढं एक सुधारलंस तरी निम्मं काम झालं.

आता सुरुवात कशी करायची ते. मराठीत ‘ओ भाऊ, किल्ल्याकडं कोणती वाट जाते?’ म्हटलं की पुरतं, सगळं आर्जव त्या ‘भाऊ’मध्येच येतं. इंग्रजीत अनोळखी माणसाला ब्रदर किंवा अंकल म्हणत नाहीत. आपल्या देशातल्या देशात चालून जातं, परदेशी ट्रेकरला मात्र ते विचित्र वाटतं. बरोबरीच्या ट्रेकरला ‘सर’, ‘मॅडम’ म्हणायचीही गरज नाही. समोरून येणाऱ्याला आधी ‘हाय देअर’ किंवा सकाळ असेल तर नुसतं ‘मॉर्निंग!’ म्हणायचं. डोंगरात अनोळखी लोकही एकमेकांना असा नमस्कार करतात. मग विचारायचं. कोणी बसून डबा खात असेल तर ‘सॉरी टु बॉदर यू’ने सुरू करावं.

शाळेत शिकवतात की ‘प्लीज’ लावलं की वाक्य नम्र होतं. तसं ते होत नाही. ‘प्लीज टेल मी द रोड’ हे ऐकणाऱ्याला तगाद्यासारखं लागतं. ‘कुड यू टेल मी…’ किंवा ‘डू यू नो…’ म्हटलं की तेच काम गोडीनं होतं. फक्त एक भानगड आहे. ‘कुड यू टेल मी’ लावलं की पुढच्या भागात प्रश्नाची उलटापालट करायची नाही. ‘व्हेअर डझ द पाथ स्टार्ट?’ हा सुटा प्रश्न. पण ‘कुड यू टेल मी व्हेअर द पाथ स्टार्ट्स?’ असं सरळ. तसंच ‘डू यू नो हाऊ फार इट इज?’ म्हणायचं, ‘हाऊ फार इज इट’ नाही. बोलण्याच्या भरात चुकलं तर कोणी पकडत नाही, पण जमलं तर कानाला फार बरं वाटतं.

नमस्कार झाला की लगेच प्रश्नावर उडी मारू नको. ‘व्हेअर डझ धिस पाथ गो?’चा प्रसंग सोडला, तर आधी एका वाक्यात आपलं काय चाललंय ते सांग. ‘वी आर ट्राइंग टु गेट टु द लेक.’ ‘वी आर हेडिंग फॉर द टॉप.’ ‘वी हॅव कम अप फ्रॉम द व्हिलेज.’ ‘ट्राइंग टु गेट टु’ हे इतकं घरगुती इंग्रजी आहे की ते आलं की बाकीचं वाक्य अडखळलं तरी चालतं. या एका वाक्यामुळे समोरच्याला तू कुठून आलास, कुठं चाललास हे कळतं आणि तुझा प्रश्नच चुकीचा असेल तर तो सांगतो. ‘तलावाकडं? अरे, ती वाट तर मागंच सुटली’ हे उत्तर नुसत्या ‘व्हिच वे?’ला कधीच मिळत नाही.

मग प्रश्न. मग त्याचं उत्तर. आणि त्यानंतर पोरं जे हमखास विसरतात ते: उत्तर आपल्या तोंडानं परत म्हणायचं. ‘सो, लेफ्ट ॲट द बिग ट्री, देन डाउन टु द स्ट्रीम?’ एवढंच, आवाज शेवटी वर न्यायचा. पूर्ण वाक्य लागत नाही. इथं इंग्रजीचा एक खड्डा आहे. तू ‘सो वी गो लेफ्ट?’ म्हटलंस आणि तो ‘राइट’ म्हणाला, तर तो ‘बरोबर’ म्हणतोय की ‘उजवीकडे’? इंग्रज लोक स्वतःच यात सापडतात. म्हणून परत सांगताना हातानं दिशा दाखवायचीच आणि आपण उत्तर देताना ‘राइट’ऐवजी ‘यस’ किंवा ‘दॅट्स इट’ म्हणायचं.

शेवटी आणखी एक प्रश्न, माझा सगळ्यात आवडता: ‘हाऊ विल वी नो इफ वी हॅव गॉन टू फार?’ म्हणजे आपण पुढं निघून गेलो तर कळणार कसं? या प्रश्नाला जे उत्तर येतं ते नकाशात नसतं. ‘विजेचा खांब लागला तर परत फिरा’, ‘पाण्याचा आवाज बंद झाला की चुकलात’. माझ्याकडच्या प्रत्येक पोराकडून हे वाक्य मी घोटून घेते.

आता शब्दांकडे येऊ. आपल्याकडं गाडीरस्त्यालाही रस्ता आणि बकरीच्या वाटेलाही रस्ताच म्हणतात, म्हणून पोरांच्या तोंडी सगळीकडं ‘रोड’ येतो. ‘व्हेअर इज द रोड टु द फोर्ट?’ विचारलंस तर पाहुणा तुला डांबरी सडकेकडे पाठवेल आणि त्यात त्याची काही चूक नाही. पायवाटेला ब्रिटिश लोक ‘पाथ’ किंवा ‘फुटपाथ’ म्हणतात. त्यांचा ‘फुटपाथ’ शेतातून, टेकडीवरून जातो. आपल्याकडचा सडकेच्या कडेचा फुटपाथ मनात आणू नको. अमेरिकन त्याला ‘ट्रेल’ म्हणतात, न्यूझीलंडचे आणि ऑस्ट्रेलियाचे ‘ट्रॅक’. चालण्याचंही तसंच: अमेरिकन ‘हायकिंग’ करतो, ब्रिटिश बहुतेकदा नुसतं ‘वॉकिंग’ म्हणतो, न्यूझीलंडचा माणूस ‘ट्रॅम्पिंग’ म्हणाला तर बिचकू नको. तू ‘पाथ’ वापर, तो सगळ्यांना कळतो. ‘वे’ म्हणजे जायची दिशा किंवा मार्ग, जमिनीवर दिसणारी वाट असेलच असं नाही. त्याच्याबरोबर ‘टु’ येतो. ‘द वे ऑफ भीमकुंड’ नाही, ‘द वे टु भीमकुंड’.

आपल्या भागातल्या खुणा सांगताना खरी कसरत होते. पांदण म्हणजे ‘कार्ट ट्रॅक’. बंडी जाईल एवढी रुंद, दोन चाकोऱ्या पडलेली. धुऱ्याला मी ‘द बँक बिट्वीन द फील्ड्स’ म्हणायला शिकवते. जरा लांब आहे पण चित्र उभं राहतं. नाल्याला ‘ड्रेन’ म्हणू नको, पाहुण्याच्या डोळ्यापुढं गटार येतं. वाहता असेल तर ‘स्ट्रीम’, उन्हाळ्यात कोरडा पडलेला असेल तर ‘ड्राय स्ट्रीम बेड’. किल्ल्यावरच्या पाण्याच्या टाक्याला ‘टँक’ चालतं, मात्र प्लास्टिकची टाकी डोळ्यापुढं येऊ नये म्हणून ‘ओल्ड स्टोन टँक’ म्हण. खिंड म्हणजे ‘पास’ किंवा ‘सॅडल’, डोंगराची धार म्हणजे ‘रिज’. झाडाचं नाव सांगून उपयोग नाही. साग आणि मोहा यांतला फरक पाहुण्याला काय कळणार? ‘द ट्री विथ द रेड फ्लॅग’ म्हटलं की झालं. ‘बॅकसाइड’ हा शब्द तर कायमचा सोड. ‘टेम्पलच्या बॅकसाइडला’ असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. इंग्रजीत तो शब्द माणसाच्या बुडाला आहे. ‘बिहाइंड द टेम्पल’ म्हण.

अंतर आणि वेळ विचारताना दोन चुका जवळपास सगळेच करतात. ‘हाऊ मच फार?’ आणि ‘हाऊ मच टाइम इट विल टेक?’ पहिलीच्या जागी ‘हाऊ फार इज इट?’, दुसरीच्या जागी ‘हाऊ लाँग डझ इट टेक?’ अर्ध्या वाटेवर असशील तर ‘हाऊ मच फर्दर इज इट?’ किंवा ‘इज इट मच फर्दर?’ म्हण. इथं ‘मच’ बरोबर बसतो, म्हणून गोंधळ होतो.

डोंगरात किलोमीटरपेक्षा वेळ विचारलेली बरी. पण वेळ सांगणारा स्वतःच्या पायांचा हिशेब सांगतो. मेळघाटातली कोरकू बाई डोक्यावर मोळी घेऊन जी टेकडी अर्ध्या तासात चढते, ती नागपूरच्या माणसाला तासभर पुरते. म्हणून पुढं जोडायचं: ‘ॲट अवर पेस?’ किंवा ‘वी आर क्वाइट स्लो.’ समोरून येणाऱ्या ट्रेकरला तर थेट विचार, ‘रफली हाऊ लाँग डिड इट टेक यू?’ मिळालेल्या उत्तराचा ताळा घ्यायला विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला एक ठोकताळा आहे: सपाटीच्या दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. विश्रांती, डबा, फोटो यात धरलेले नाहीत. तेव्हा 5 किलोमीटर आणि 600 मीटर चढ असलेल्या वाटेला कोणी ‘अबाउट ॲन अवर’ म्हणाला तर हसून थँक्यू म्हण आणि मनात दोन-अडीच तास धर.

उलट दिशेनं येणारे लोक म्हणजे चालतीबोलती बातमी. त्यांना वाट विचारण्यापेक्षा वाटेची हालत विचार. ‘हॅव यू जस्ट कम डाउन फ्रॉम द टॉप?’ हा उत्तम आरंभ. मग ‘व्हॉट्स इट लाइक फर्दर अप?’ हे वाक्य पोरांना कठीण जातं, कारण त्यात ‘लाइक’ आहे आणि आवडण्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘पुढं कसं आहे?’ याचं ते नेमकं इंग्रजी आहे. ‘हाऊ इज द रोड कंडिशन?’पेक्षा हजारपटीनं सहज. त्यानंतर हवं ते: ‘इज देअर एनी वॉटर ऑन द वे?’, ‘इज इट ईझी टु फॉलो?’ म्हणजे वाट नीट दिसते का, ‘एनी ट्रिकी बिट्स?’ म्हणजे अवघड जागा आहेत का. शेवटचं तर वाक्यही नाही, पण डोंगरात असंच बोलतात.

यांची उत्तरं ऐकतानाही सावध राहावं लागतं. चढणाऱ्याला धीर द्यायचा म्हणून ‘नॉट फार नाऊ’, ‘यू आर ऑलमोस्ट देअर’ असं सगळेच म्हणतात. आपण नाही का ‘हे काय, आलंच!’ म्हणत? ब्रिटिश माणूस तर सगळं कमी करून सांगतो. ‘इट गेट्स अ बिट स्टीप’ म्हणजे छातीवरचा चढ आहे. ‘अ बिट ऑफ अ स्क्रॅम्बल’ म्हणजे हात टेकून चढायचंय. ‘इट्स अ बिट एक्सपोज्ड’ म्हणाला तर उन्हाचं बोलतोय असं समजू नको. एका बाजूला सरळ दरी आहे आणि पाय घसरला तर अडवायला काही नाही, असा त्याचा अर्थ. हा शब्द हिमाचलात नक्की कानावर येईल. त्याच माळेतले आणखी काही: ‘स्क्री’ म्हणजे पायाखालून सरकणारे सुटे दगड, ‘केर्न’ म्हणजे वाट दाखवायला रचलेली दगडांची उतरंड, ‘स्विचबॅक्स’ म्हणजे चढावरची नागमोडी वळणं, ‘फॉल्स समिट’ म्हणजे माथा आला असं वाटायला लावणारा पण अलीकडचाच उंचवटा.

दिशा सांगताना ते जी क्रियापदं वापरतात ती कानाला सरावलेली असू दे. ‘बेअर लेफ्ट’ म्हणजे पूर्ण वळायचं नाही, डावीकडे झुकत जायचं. ‘कीप लेफ्ट’ म्हणजे डावी बाजू धरून राहायचं. ‘कॅरी ऑन’ म्हणजे तसंच पुढं. ‘अंटिल यू हिट द रोड’ म्हणजे सडक लागेपर्यंत. ‘डबल बॅक’ म्हणजे आल्या वाटेनं परत. ‘यू कान्ट मिस इट’ म्हणजे न दिसण्याचा प्रश्नच नाही. हे ऐकलं की मी लगेच ‘व्हॉट डझ इट लुक लाइक?’ विचारते. आणि नदीच्या बाबतीत ‘लेफ्ट बँक’ म्हणजे पाण्याच्या वाहत्या दिशेकडे तोंड करून उभं राहिल्यावरचा डावा काठ. तू पाण्याविरुद्ध वर चालला असशील तर तो तुझ्या उजव्या हाताला पडतो. सिपना नदीच्या काठी उभं करून पोरांना हे दाखवलं की एकदाच लक्षात राहतं.

समजलं नाही तर मान डोलवायची नाही. ही आपली जुनी खोड. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ म्हणावं, तरी नाही समजलं तर ‘कुड यू शो मी ऑन द मॅप?’ म्हणून मोबाइल पुढं करावा. रेंज जाणार हे धरून नकाशा आधीच उतरवून ठेव. मेळघाटात जाते, हिमाचलात तर जातेच.

वाट चुकली तर ते लवकर आणि सरळ सांगावं. ‘आय थिंक वी टुक अ राँग टर्न समव्हेअर’ हे अगदी सहज, लाज न वाटणारं वाक्य आहे. ‘वी हॅव लॉस्ट द पाथ’ म्हणजे पायाखालची वाट दिसेनाशी झाली. ‘वी आर लॉस्ट’ म्हणजे आपण कुठं आहोत तेच कळत नाही. तीनही वेगळ्या पायऱ्या आहेत आणि ऐकणारा तशीच मदत करतो. ‘वी हॅव मिस्ड द वे’ असं पोरं म्हणतात, त्याऐवजी ‘वी मिस्ड द टर्न’. कोणी जखमी असेल तर वाटेचं बोलणं नंतर. आधी ‘वी नीड हेल्प’, मग काय झालं, मग कुठं आहोत. शिटी जवळ ठेव. डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकेत म्हणजे एका मिनिटात सहा शिट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तरादाखल मिनिटाला तीन येतात. फोन लागत असेल तर आपल्या देशात 112.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग: चिखलदऱ्यात कोणी तुलाच विचारलं तर.

पहिलं म्हणजे ‘डू वन थिंग’ने सुरुवात करू नको. ‘एक काम करा’ हे आपल्या मराठीत-हिंदीत गोड लागतं, पण पाहुणा ते एक काम कोणतं याची वाट बघत बसतो. सरळ ‘गो’, ‘टेक’, ‘फॉलो’, ‘टर्न’ म्हण. वाट सांगताना आज्ञार्थ उद्धट वाटत नाही, तिथं ‘प्लीज’ही नको. ‘टेक धिस पाथ डाउन टु द स्ट्रीम, क्रॉस इट, देन बेअर राइट. यू विल कम टु अ स्मॉल टेम्पल.’ एका दमात तीनपेक्षा जास्त वळणं सांगू नये. त्यापुढचं ‘देन आस्क अगेन’ म्हणून सोडून द्यावं. ‘स्ट्रेट-स्ट्रेट’ म्हणू नको, ‘स्ट्रेट ऑन’ म्हण. आणि जी वाट धोक्याची आहे तिच्याबद्दल ‘डोन्ट गो!’ असं ओरडण्यापेक्षा ‘आय वुडन्ट गो दॅट वे’ म्हटलेलं जास्त मनावर घेतात. पाठोपाठ कारण सांग: ‘द रॉक्स आर व्हेरी स्लिपरी’, ‘द फॉग कम्स डाउन फास्ट’. पावसाळ्यात चिखलदऱ्यावर धुकं कसं उतरतं ते तुला मी सांगायला नको.

जंगलाच्या बाबतीत मात्र मऊ इंग्रजी नको. मेळघाट 1973-74 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय पायी शिरता येत नाही. ‘यू बेटर नॉट’ वगैरे सल्ले देत बसायचं नाही. ‘यू आर नॉट अलाउड टु वॉक इन देअर. इट्स अ टायगर रिझर्व्ह’ असं स्पष्ट सांगायचं. काही पाहुणे ‘जस्ट अ शॉर्ट वॉक?’ म्हणून घोळ घालतात. त्यांना अस्वलाचं सांगावं. वाघाला ते फोटोतल्यासारखं समजतात, अस्वलाला घाबरतात.

ब्रिटिश पाहुणा गाविलगडाबद्दल विचारू लागला तर त्याच्या उच्चारानं गोंधळू नको. त्यांच्या जुन्या पुस्तकांत तो ‘गाविलघर’सारखा लिहिलेला असतो. 15 डिसेंबर 1803 ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. पुढं हाच माणूस ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, म्हणून त्यांना या किल्ल्याचं अप्रूप. दक्षिणेचा कडा अवघड, तर कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी तोफा ओढत डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडे गेली आणि मुख्य हल्ला तिकडून झाला. पाहुण्याला हे सगळं इंग्रजीत सांगायला जमलं नाही तरी ‘द ब्रिटिश केम अराउंड फ्रॉम द नॉर्थ’ एवढं म्हटलंस तरी तो खूश होतो. मग दिल्ली दरवाजाकडं बोट दाखव आणि ‘धिस वे’ म्हण.

उच्चाराचं थोडंसं. ‘रूट’ आणि ‘राऊट’ एकच. अमेरिकन लोकांकडून दुसरा ऐकू येतो. आपल्या गावांची नावं वाक्याच्या शेवटी आणि सावकाश घ्यायची. ‘सेमाडोह’ घाईत म्हटलं तर पाहुण्याला ते गावाचं नाव आहे हेच कळत नाही. आकड्यांमध्ये ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांनी फार घोटाळे केलेत. पहिल्यात जोर शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. पण वाऱ्यात, धापा टाकताना हा फरक कोणाच्या कानाला लागतो? ‘फिफ्टीन मिनिट्स’ ऐकलंस की उलट विचार, ‘वन-फाइव्ह, ऑर फाइव्ह-झीरो?’ यावर आजवर कोणी हसलेलं मी पाहिलं नाही.